तीन पट्टे बदलले, पुली तीच राहिली: जुन्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००८ सालची, सात आसनी, डिझेल. मीटरवर १ लाख ९० हजार किलोमीटर. मालक यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी, वावरात कापूस आणि तूर. गाडी घरच्या कामाला असते आणि लग्नसराईत भाड्यानं जाते. गाव, माणसं आणि गाडीचं मॉडेल इथे मुद्दाम गाळलं आहे, बाकी घडलं तसं मांडलं आहे.

गावापासून डांबरी सडकेपर्यंत तीन किलोमीटर पांदण. पावसाळ्यात काळ्या मातीचे लोंदे चाकाला धरतात आणि उन्हाळ्यात तीच माती पिठासारखी उडून बोनेटखाली बसते. पांदणीत समोरून बैलबंडी आली की गाडी मागेपुढे घेत, स्टेअरिंग शेवटपर्यंत पिळूनच बाजूला करावी लागते. पॉवर स्टेअरिंगवर सगळ्यात जास्त भार नेमका अशा वेळी येतो, म्हणून हा तपशील लक्षात ठेवावा.

या गाडीचं पॉवर स्टेअरिंग तेलाच्या दाबावर चालतं. इंजिनाच्या क्रँकच्या पुलीवरून एक व्ही पट्टा पंपाची पुली फिरवतो. पंपात खाचा असलेला रोटर असतो. त्या खाचांत पोलादी पात्या सरकतात आणि लंबगोल कड्याच्या आतल्या भिंतीला घासत तेल ढकलतात. पंपाचा पट्टा वेगळा आहे. पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर दुसऱ्या पट्ट्यावर आहेत. पुढच्या एका निर्णयात या गोष्टीला महत्त्व आलं.

तक्रार आणि आधी झालेले उपाय

फेब्रुवारीत सकाळी गाडी चालू करून स्टेअरिंग पिळलं की ‘चिर्रऽ’ असा आवाज यायला लागला. गावाजवळच्या गॅरेजात पट्टा बदलला. तीन आठवड्यांत आवाज परत आला. पुन्हा नवीन पट्टा, आणि या वेळी ताण चांगला कसून. आवाज गेला. मार्चच्या शेवटी मात्र पंपाच्या पुलीमागे तेल ओलसर दिसायला लागलं आणि टाकीतली पातळी दर आठवड्याला उतरू लागली. घरात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल होतं, तेच वरून ओतलं गेलं.

एप्रिलमध्ये तक्रारीचं रूप बदललं. मालकाच्या शब्दांत: “सकायी बरोबर रायते जी, दुपारून मात्र उभ्या गाडीत दोन हातानं वळत नाही. रेस दिली का मग हलकी होते.” सोबत ‘घूंऽ’ असा रडका आवाज. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं पंप गेल्याचं सांगितलं आणि भंगारातून त्याच जातीचा पंप १,८०० रुपयांत आणून बसवला. पुली काढायचं खास साधन, म्हणजे पुलर, नसल्यानं जुन्या पंपाची पुली तीन पायाच्या साध्या ओढणीनं कडेला धरून काढली आणि दुसऱ्या पंपावर हातोड्यानं ठोकून बसवली. तिसरा पट्टाही टाकला.

नवव्या दिवशी पट्टा उडाला आणि पुलीमागून तेलाची धार लागली. तेव्हा मे उजाडला होता, पारा ४४ अंशांवर होता, आणि चार दिवसांनी पहिल्या वरातीचं भाडं ठरलेलं होतं. गाडी तालुक्याच्या दुसऱ्या गॅरेजात आली.

तपासणी

दुसऱ्या मिस्त्रीनं पंपाला हात लावायच्या आधी एक चांगली गोष्ट केली. भंगारातून आणलेल्या पंपासोबत गाडीचा मूळ पंपही मागवला. तो मालकाच्या घरी पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. त्यामुळे दोन्ही पंप शेजारी शेजारी उघडून बघता आले आणि कोणता बिघाड कुठून सुरू झाला ते कळलं.

सुरुवात आवाजापासून. ‘चिर्र’ आणि ‘घूं’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. ‘चिर्र’ म्हणजे पट्टा पुलीवर घसरतो आहे. ‘घूं’ म्हणजे पंपाला तेल पुरत नाही किंवा तेलात हवा शिरली आहे. सकाळी गार तेलावर ‘घूं’ जास्त असेल तर आधी शोषणाच्या बाजूला बघावं: टाकीची जाळी, नळीची क्लिप, सील. दुपारी तेल तापून पातळ झाल्यावर स्टेअरिंग जड होत असेल आणि रेस दिल्यावर हलकं होत असेल, तर पंप आतून झिजलेला असण्याची शक्यता मोठी. पातळ तेल पात्यांच्या बाजूनं मागे निसटतं. रोटर जोरात फिरला की ती गळती भरून निघते. मालकानं पहिल्या दिवशी जे वाक्य सांगितलं त्यात अर्धं निदान होतं.

पुढे पुली. पट्टा काढून खाचेत बॅटरी मारली. व्ही पट्टा खाचेच्या दोन उतारांवर पाचरीसारखा बसतो, तळाला तो टेकायला नको. चांगल्या पुलीत म्हणूनच उतार चकचकीत आणि तळ काळपट, धुळीचा असतो. इथे उलट होतं. तळ आरशासारखा चमकत होता आणि दोन्ही उतारांना आत वळलेली पोटं पडली होती. नवाकोरा पट्टा हातानं खाचेत बसवून पाहिला तर त्याची पाठ पुलीच्या काठाच्या ३ मिलिमीटर खाली गेली. ती काठाच्या जवळपास बरोबरीला राहायला हवी. तळाला टेकलेल्या पट्ट्याची पाचर होतच नाही, म्हणून त्याला कितीही कसलं तरी तो भार आला की घसरतो. क्रँकची पुलीही याच पद्धतीनं तपासली, ती ठीक निघाली. ही तपासणी पट्टा हातात असताना एका मिनिटाची आहे, आणि पट्टा तीनदा हातात आला होता.

मग सरळ रेष. खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीचा एक सरळ तुकडा क्रँकच्या पुलीच्या तोंडावर टेकवून पंपाच्या पुलीपर्यंत नेला. पंपाची पुली ४ मिलिमीटर पुढे निघाली. ठोकून बसवताना ती पूर्ण आत गेली नव्हती. शिवाय पुली हातानं फिरवली की तिची कड डोळ्यांना डुलताना दिसत होती. पुली पत्र्याची, दाबून बनवलेली असते. कडेला धरून ओढली की ती वाकते.

दाबाची तपासणी करायला मोटारगाडीचं खास गेज तालुक्यात नव्हतं. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं काम करणाऱ्याकडे २५० बारचं गेज, टी जोड आणि बंद करायचा व्हॉल्व्ह होता. खेड्यापाड्यात हे साधन हमखास मिळतं, फक्त गाडीच्या मिस्त्रीच्या ते डोक्यात येत नाही. पंप आणि दाबाची नळी यांच्यामध्ये गेज लावून, सील गळत असतानाही तेल भरत भरत, तेल गरम झाल्यावर आयडलवर, म्हणजे रेस न देता, वाचन घेतलं. व्हॉल्व्ह बंद केला तर काटा ३० ते ३५ च्या मध्ये थांबला. या गाडीला ७५ ते ८० बार दाब लागतो. व्हॉल्व्ह पाच सेकंदांच्या वर बंद ठेवायचा नाही, कारण तेवढा वेळ सगळं तेल पंपाच्या आतल्या आत फिरून झपाट्यानं तापतं. दोन वाचनांच्या मध्ये अर्धा मिनिट सोडावा.

व्हॉल्व्ह बंद असताना दाब कमी म्हणजे दोष पंपात. व्हॉल्व्ह बंद असताना पूर्ण दाब येतो, पण व्हॉल्व्ह उघडून स्टेअरिंग शेवटपर्यंत पिळल्यावर येत नाही, असं असेल तर दोष खालच्या, चाकं वळवणाऱ्या स्टेअरिंग बॉक्समध्ये. हा फरक न करता पंप बदलणं म्हणजे पैसे अंदाजावर लावणं.

दोन पंप टेबलावर

मूळ पंपाचं लंबगोल कडं काढून आतल्या भिंतीवरून नख फिरवलं तर पत्र्याच्या छतावरून काठी ओढावी तसं ते अडखळत गेलं. पात्या उड्या मारत घासल्या की भिंतीवर अशा लहरी पडतात, आणि तेलात हवा असली की पात्या उड्या मारतात. बाजूच्या प्लेटवर गोल ओरखडे होते. पुली जिच्यावर बसते ती दांडी, म्हणजे शाफ्ट, तिला आधार देणाऱ्या नळकांडीत, म्हणजे बुशमध्ये, हलत होती, आणि सीलचा ओठ टेकतो तिथे शाफ्टवर नखाला लागेल एवढी रिंगण खाच होती.

भंगारातल्या पंपाचं कडं तुलनेनं बरं होतं. त्याच्या मागच्या बाजूच्या प्लेटवर मात्र रोटरच्या आकाराचा ताजा ठसा उमटला होता आणि एका पातीचा कोपरा उडालेला होता. शाफ्टच्या टोकावर हातोड्याचा प्रत्येक घाव थेट रोटरमधून त्या प्लेटवर जातो. हा पंप बसवतानाच खराब झाला होता.

तेल चिनीमातीच्या पांढऱ्या बशीत घेऊन उन्हात धरलं. लाल असायला हवं ते तपकिरी आणि चंदेरी कणांनी भरलेलं. बशीखालून चुंबक फिरवल्यावर बरेच कण एका कडेला जमले, म्हणजे ते पोलादाचे, पात्यांचे आणि कड्याचे. टाकीच्या तळातली जाळी अर्ध्याहून जास्त बुजलेली होती. झाकणाभोवती साचलेली धूळ प्रत्येक वेळी तेल ओतताना आत गेली होती.

साखळी अशी जुळली. पुली झिजली, पट्टा घसरला. आवाज थांबवायला ताण वाढवला. जास्तीच्या ताणानं शाफ्ट एका बाजूला ओढला जाऊन बुश गेला. शाफ्ट हलायला लागल्यावर सील गळलं, पातळी उतरली, हवा शिरली आणि पात्यांनी कडं खाल्लं. वरून ओतलेलं ट्रॅक्टरचं तेल ६८ ग्रेडचं होतं, म्हणजे ४० अंशांवर पॉवर स्टेअरिंगच्या लाल तेलाच्या जवळपास दुप्पट घट्ट. बुजलेल्या जाळीतून ते आणखी हळू उतरलं. ब्रेकचं तेल ओतलं गेलं नाही हे नशीबच. ते सगळी रबरी सील फुगवून टाकतं, आणि मग बॉक्सपर्यंत सगळं उघडावं लागतं.

समोरचे पर्याय

सील किट टाकणं. ४५० रुपयांत गळती थांबली असती असं वाटतं. पण शाफ्टवर रिंगण खाच आणि बुशमध्ये खेळ असताना नवीन सील महिनाभरही टिकत नाही, आणि झिजलेल्या कड्याला सील किटनं काहीच फरक पडत नाही. हा पर्याय लगेच बाद झाला.

रिकंडिशन पंप. भाव ४,२०० रुपये, तोंडी तीन महिन्यांची हमी. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला: आत कडं आणि पात्या नवीन आहेत का? उत्तर आलं, सील आणि बेअरिंग नवीन. म्हणजे खर्चाचा भाग जुनाच. कडं, रोटर आणि पात्यांचा संच नवा असता तर हा पर्याय विचार करण्यासारखा होता.

नवीन पंप. ८,६०० रुपये. गाडीचं वय बघता मालकाला हा आकडा जड वाटला, आणि ते साहजिक आहे. पण गाडी लग्नसराईत कमावती होती आणि बाकी इंजिन, गिअर, चेसिस धडधाकट होतं.

पुलीसाठी लेथवर नवी खाच मारता येईल का, हेही मालकानं विचारलं. तालुक्यातला लेथवाला मोटारपंपाच्या पुल्या रोज करतो. ही पुली मात्र पातळ पत्र्याची. खाच खोल केली तर भिंत कागदासारखी होते, आणि वाकलेली पुली खाच मारून सरळ होत नाही. भरीव लोखंडातून नवी करता आली असती. पण ही पुली शाफ्टवर दाबून बसते. हबचं, म्हणजे पुलीच्या मधल्या भागाचं, भोक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागानंही सैल झालं तर पुली फिरते, घट्ट झालं तर बसवताना शाफ्टवर जोर येतो. तयार पुली ९५० रुपयांत मिळत असताना ही जोखीम घेण्यात अर्थ नव्हता.

शेवटचा पर्याय मालकानं स्वतः मांडला. “मिस्त्री भाऊ, पट्टा काढून देतो अन् एवढी वरात तशीच करतो, चालते का?” पट्टा वेगळा असल्यानं पाणी आणि चार्जिंगला धक्का लागला नसता, हे खरं. रिकामी गाडी घरापर्यंत हळू नेण्यापुरतं हे चालतं. पण सात माणसं भरून, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ट्रकांच्या रांगेत, अचानक स्टेअरिंग फिरवायची वेळ आली तर हाताचा जोर वेळेवर पुरेल याचा भरवसा नाही. मिस्त्रीनं सरळ नाही म्हटलं. मालकानं पहिलं भाडं शेजारच्या गाडीला दिलं आणि गाडी उभी ठेवली. या प्रकरणातला हा सगळ्यात अवघड निर्णय होता, कारण त्यात समोर दिसणारं उत्पन्न सोडायचं होतं.

काम कसं केलं

नवीन पंप, पुली आणि पट्टा नागपूरहून एसटीच्या पार्सलनं तिसऱ्या दिवशी आले. तोवर बाकीची तयारी झाली.

पंपाचं ब्रॅकेट काढून बघितलं तर ज्या बोल्टवर पंप ताणासाठी फिरतो ते भोक लंबगोल झालं होतं, साधारण १ मिलिमीटर. अशा भोकात पट्टा कसला की पंप तिरका होतो आणि पुलीची रेष पुन्हा बिघडते. लेथवर भोक मोठं करून त्यात पोलादी बुश दाबून बसवला, २५० रुपये. हे राहिलं असतं तर नवी पुलीही वर्षभरात जुन्या वाटेनं गेली असती.

लेथवाल्याकडूनच पुली बसवायचं साधन करून घेतलं. शाफ्टच्या टोकाला आतून आटे असतात. ते आटेमापानं मोजून त्याला बसेल असा कठीण बोल्ट, वर लांब नट, आणि नट व पुलीच्या हबमध्ये एक थ्रस्ट बेअरिंग. बोल्ट शाफ्टमध्ये आटे संपेपर्यंत फिरवायचा, मग तो धरून ठेवून नट आवळायचा. पुली शाफ्टवर ओढली जाते आणि सगळा जोर शाफ्ट-बोल्टमध्येच राहतो, रोटरला काही लागत नाही. काढतानाही हबच्या मानेतली खाच धरणारा पुलर लागतो, कड धरायची नाही.

पुली किती आत बसवायची याचं मूळ माप पहिल्यांदा काढतानाच हरवलं होतं. म्हणून पुली आधी दोन मिलिमीटर कमी बसवली, पंप ब्रॅकेटवर लावून पट्टी धरली, फरक मोजला, पंप काढून तेवढं आवळलं. दुसऱ्या फेरीत रेष जुळली. तेव्हा शाफ्टचं टोक हबच्या तोंडापेक्षा १.५ मिलिमीटर आत होतं.

तेलाची यंत्रणा धुणं हे या कामातलं सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आणि सगळ्यात जरुरीचं पाऊल आहे. जुन्या पंपाचे कण नळ्यांत आणि बॉक्समध्ये बसलेले असतात. ते नव्या पंपाच्या पात्यांखाली यायला पहिले दहा मिनिटंही लागत नाहीत. टाकी काढून डिझेलनं धुतली, जाळीतून उलट्या दिशेनं हवा मारली आणि शेवटी नव्या तेलानं खंगाळली. परतीची नळी बोटानं दाबली तर खवा दाबल्यासारखी मऊ लागली, म्हणून ती नवी घातली. पाण्याची नळी इथे चालत नाही, तेल सहन करणारीच लागते. दाबाच्या नळीचे क्रिंप, म्हणजे टोकाचे दाबून बसवलेले जोड, कोरडे होते, रबराला चिरा नव्हत्या, ती तशीच ठेवली. तिच्या बोल्टाखालचे तांब्याचे दोन्ही वॉशर मात्र नवीन. एकदा दाबलेलं तांबं दुसऱ्यांदा नीट सील करत नाही.

पुढची चाकं स्टँडवर उचलली. परतीची नळी टाकीपासून सोडून बाटलीत सोडली, टाकीचं ते तोंड बुचानं बंद केलं. टाकीत लाल तेल भरत राहायचं आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायचं. मग गाडी चालू न होऊ देता दोन-तीन सेकंदांचे स्टार्टरचे झटके, टाकी रिकामी होऊ न देता. बाटलीत तपकिरी तेल पडत होतं ते दीड लिटरनंतर लाल दिसायला लागलं. बशीतली चमक जायला आणखी अर्धा लिटर लागला. दोन लिटर तेल सांडून दिल्यासारखं वाटतं, पण ते ८४० रुपयांचं तेल ८,६०० रुपयांच्या पंपासाठी होतं.

हवा काढताना घाई झाली नाही. नळी जोडली, पातळी भरली, इंजिन बंद ठेवून टोकापासून टोकापर्यंत वीस फेऱ्या, मधूनमधून भरणं. मग गाडी आयडलवर आणि पुन्हा हळू फेऱ्या, टोकाला थांबायचं नाही. तेलावर फेस दिसला की इंजिन बंद करून दहा मिनिटं तसंच सोडायचं, बुडबुडे आपोआप वर येतात. इथे असं तीनदा करावं लागलं.

पट्ट्याचा ताण मधल्या भागात अंगठ्यानं जोरात दाबल्यावर १० मिलिमीटर खाली जाईल एवढा ठेवला. वीस मिनिटं इंजिन चालल्यावर तो १४ झाला. नवीन पट्टा बसतो तसा सैल होतोच. पुन्हा १० वर आणला, आणि ५०० किलोमीटरला परत तपासायला बोलावलं. सुरुवातीलाच जास्त कसून ठेवायचा मोह इथेच होतो, आणि मूळ पंप त्यातच गेला होता.

निकाल

गेज परत लावलं: व्हॉल्व्ह बंद असताना ७८ च्या आसपास, व्हॉल्व्ह उघडून स्टेअरिंग टोकाला धरल्यावर ७६ च्या आसपास. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे बॉक्स चांगला आहे. पंप खराब असताना ही खात्री करता आली नसती.

स्टेअरिंगला लागणारा जोर मोजायला कापूस तोलायचा आकड्याचा स्प्रिंगकाटा वापरला. सिमेंटच्या फरशीवर, आयडलवर, टायरमध्ये तीच हवा ठेवून स्टेअरिंगच्या चाकाच्या कडेला काटा अडकवून ओढलं. कामाआधी ११ किलो लागत होते, नंतर ३. पहिले दोन दिवस सकाळी चालू केल्यावर हलका ‘घूं’ यायचा. ती उरलेली हवा होती, तिसऱ्या दिवशी गेला. ५०० किलोमीटरला पट्टा थोडा कसावा लागला. ३,००० किलोमीटरला पुलीमागे कोरडं होतं आणि पातळी हलली नव्हती.

खर्च: पंप ८,६००, पुली ९५०, पट्टा ३८०, तेल तीन लिटर १,२६०, नळी, क्लिपा आणि वॉशर ३१०, लेथ २५०, मजुरी २,२००. एकूण १३,९५० रुपये. त्याआधीच्या उपायांवर गेलेले ४,३५० वेगळे, आणि गेलेलं एक भाडं वेगळं.

काय वेगळं करता आलं असतं

फेब्रुवारीत पहिला पट्टा बदलताना पुलीचा तळ पाहिला असता तर ९५० ची पुली आणि ३५० चा पट्टा एवढ्यावर काम भागलं असतं. पंप तेव्हा शाबूत होता, गळतीही नव्हती. नवा पट्टा तीन आठवड्यांत ओरडला हीच खूण होती. चांगल्या पुलीवर चांगला पट्टा एवढ्यात ओरडत नाही.

भंगारातला पंप घेणं मुळात चूक होती असं म्हणता येत नाही. पैसे हातात नसताना माणूस तेच करतो, आणि त्या पंपाचं कडं खरंच बरं होतं. योग्य पुलर, नवी पुली आणि धुतलेली यंत्रणा मिळाली असती तर त्यानं लग्नसराई काढून दिली असती. पुलर नसेल त्या दिवशी पुली काढूच नये, पंप पुलीसकट लेथवाल्याकडे किंवा तालुक्याला न्यावा.

दुसऱ्या गॅरेजातही एक गोष्ट राहिली. दाबाचं वाचन २५० बारच्या गेजवर घेतलं, ज्याचा एक घर ५ बारचा आहे. बिघाड मोठा होता म्हणून चाललं. दाब ६५ आला असता तर या गेजवर पंप ठेवायचा की काढायचा हे ठरवणं कठीण गेलं असतं. १०० बारचं गेज घेऊन ठेवायला हवं, ते त्याच टी जोडावर बसतं.

मालकाच्या बाजूनं दोन सवयी बदलल्या. पांदणीत गाडी वळवताना स्टेअरिंग टोकाला गेलं की केसभर मागे सोडायचं, आवाज करत दाबून धरायचं नाही. आणि तेल ओतायच्या आधी झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची. ट्रॅक्टरचा तेलाचा डबा आता वेगळ्या खोलीत आहे.

बोनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत: तेलाची जात, पट्ट्याचा नंबर, आणि ‘शाफ्ट हबच्या १.५ आत’.